सेफ्टी पिन

श्वास घ्या. धरा. धरून ठेवा. सोडा.
दिवसातून चाळीसदा म्हणतो मी हे
चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात, काचेआडून,
आणि दर वेळी नकळत
माझाही धरला जातो.

ठगूबाई कोळींना धरताच येत नव्हता.
जिनिंगमध्ये रेच्यापाशी अठरा हंगाम,
पापण्यांवर कापूस, कानांत कापूस,
आणि छातीत आता सहा दिवसांचा ताप.
'माले दम लागस, भाऊ. बठू दे जरा.'
बसल्या. मग प्लेटीला छाती लावून उभ्या राहिल्या,
बंद दारापलीकडचं
ऐकत उभं राहावं तशा.

फिल्म आली.
उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरं धुकं,
पौषात पहाटे तापीवर बसतं तसलं.
आणि डावीकडे, बरगड्यांच्या जाळीवर,
लख्ख, रेघन्‌रेघ दिसणारी
एक सेफ्टी पिन.

'सगळं काढा म्हटलं होतं ना?'
'दागिना नई शे तो.'
पोलक्याच्या आत टोचलेली चिंधीची पुडी.
अडुळशाची वाळकी पानं, बेहड्याची साल,
सुंठीचा एक तुकडा, आणि कसलंसं गोड मूळ.
यातलं काहीच फिल्मवर नव्हतं.
यंत्राला पिन दिसते,
पिनेनं काय धरून ठेवलंय ते दिसत नाही.
'डाक्टरले सांगू नको. वरडतीन.'

मी सांगितलं.
कारण गेल्या हिवाळ्यात पाड्यावरचा एक जण आला होता,
अकरा दिवस नुसता पाला पिऊन.
त्याची छाती दाबलेल्या गाठीसारखी पांढरी.
फिल्म वाळायच्या आत बाहेर रडणं ऐकू आलं.
पाल्याचा दोष नव्हता तो.
उशिराचा होता, आणि बत्तीस किलोमीटरचा,
आणि आमच्या वरडण्याचाही असेल थोडा.

डॉक्टर निकुंभ वरडल्या नाहीत.
पुडी नाकाशी नेली, मूळ दाताखाली धरलं.
'ज्येष्ठमध. बीपीची गोळी घेता ना मावशी?
मग हे तेवढं नको.
अडुळसा प्या, सुंठ प्या, घसा शेकेल, कफ सुटेल.
पण माझ्या गोळ्यातली एक जरी उरली
तर पुडी जप्त.'
ठगूबाईंनी मूळ काढून टेबलावर ठेवलं,
हिशेबात चुकून आलेली नोट परत करावी तसं.
चार दिवस भरती. नाकात नळी,
उशाला थर्मास, थर्मासात काढा.
सिस्टरनं तो केसपेपरवर लिहिला,
इंजेक्शनच्या खालच्या ओळीत.

दीड महिन्यानं दुसरी फिल्म.
धुकं नाही. पिन नाही.
मी दोन्ही फिल्मा उजेडावर शेजारी लावल्या
आणि बराच वेळ शोधत राहिलो,
कुठे गोळीचं काम, कुठे पाल्याचं.
तसं काही उमटत नाही.
डॉक्टर म्हणतात, गोळीचं. असेल.
ठगूबाई म्हणतात, 'रातले झोप लागनी ती कशानी?'
यावर डॉक्टर गप्प बसतात,
हे मला आवडतं.

जाता जाता मला खोकला आला,
फाल्गुनाचा, धुळीचा, नेहमीचा.
त्या दारातून परत फिरल्या.
काचेच्या माझ्या बाजूला आल्या
आणि बोट उगारून म्हणाल्या,
'दम ले. धर. धरी ठेव.
आते सोड.'
मी सोडला.

दवाखान्याच्या मागच्या कुंपणाला अडुळसाच आहे.
कुणीतरी लावला असेल, शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून.
नऊ वर्षं मी तिथेच सायकल टेकवतो.
त्या दिवशी पहिल्यांदा एक पान तोडून चावलं.
कडू.
एवढं कडू की डोळ्यांत पाणी आलं,
आणि घशात काहीतरी
जागचं हललं.